वाळ्याच्या ताटीमागचं पीठ

खुशालराव गावंडे यांना निवृत्त होणं जमलंच नाही. जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क म्हणून त्यांनी उभी हयात काढली, निरोपसमारंभात गुलाबी फेटा बांधून घेतला, डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कोट चढवून ओट्यावर येऊन उभे राहिले. जायला कुठेच नव्हतं. तरी ते उभे होते. त्यांच्या पत्नी मैनाबाई थोडा वेळ दारातून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तो कोट काढा, अन् आत येऊन वांगे चिरा."

या अपमानातून 'खुशाल भोजनालय' जन्माला आलं. माणसं पोटासाठी खाणावळ काढतात. कोट घालून बसायला जागा हवी म्हणून काढलेली खाणावळ अकोल्यात तरी ही एकच असावी.

ताजनापेठेतल्या राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या, पाट मांडले गेले, पाटी लागली. बाजार मैनाबाईंचा, स्वयंपाक मैनाबाईंचा, वाढणंही मैनाबाईंचंच. खुशालरावांकडे देखरेख होती. ते दाराशी टेबल टाकून कोटात बसत आणि येणाऱ्या प्रत्येकाला "यावे, आसनस्थ व्हावे" असं म्हणत. फॅक्टरीच्या मुंबईतल्या शेठजींशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची भाषा छापील झाली होती. वऱ्हाडी त्यांना येत नव्हती असं नाही, पण ती त्यांनी कोटाखालच्या बंडीसारखी आतच ठेवली होती.

एक काम मात्र ते स्वतःच्या हाताने करत, आणि ते म्हणजे ताट्यांवर पाणी मारणं. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि दिसलंच तर ते बाहेरगावचं असतं. खुशालरावांनी खास अमरावतीहून वाळ्याच्या ताट्या मागवून दारं-खिडक्यांना लावल्या होत्या. डोक्याला उपरणं गुंडाळून ते भर उन्हात बाहेर जात आणि बादलीतून तांब्या-तांब्याने पाणी मारत. यातही त्यांचं शास्त्र होतं. पाणी वरच्या काठावर मारायचं, मग ते आपोआप खाली झिरपतं; अडाणी लोक मध्येच मारतात आणि अर्धं पाणी जमिनीला पाजतात. हे शास्त्र त्यांनी अनेकांना सांगितलं होतं. ऐकून घेणारे कमी होते, पण त्या गारव्यात जेवायला बसणारे पुष्कळ होते. वकिलांचे मुनशी, शाळामास्तर, कॉलेजचे पोट्टे जेवून झालं तरी उठायचं नाव घेत नसत. ते आपल्या संभाषणामुळे बसतात, असा खुशालरावांचा समज होता.

अशा सुरळीत चाललेल्या संसारात समोरच्या पत्र्याच्या दुकानात श्रीपती ऐताळ येऊन उतरला. उडुपीकडचा माणूस. मुंबईला भांडी घासून, भुसावळला डोसे घालून, बायकोचे दागिने मोडून तो अकोल्याला आला होता आणि त्याने 'अनंतेश्वर विलास' नावाचं उपाहारगृह काढलं होतं. त्याच्या बायकोचं नाव जलजाक्षी. ती पहाटेपासून दगडी रगड्यावर पीठ वाटायची आणि ऐताळ दिवसभर तव्याशी उभा असायचा. आठवडाभरात ताजनापेठेला इडलीची चटक लागली. खुशालरावांचे मुनशी आणि मास्तर समोर नाश्ता करून यायचे आणि इकडे एक पोळी कमी खायचे.

खुशालरावांनी तेही सहन केलं असतं. जे सहन झालं नाही ते वेगळंच होतं. ऐताळ मराठी शिकला तो अकोल्याच्या मालधक्क्यावर, हमालांकडून. सामानाचे पेटारे उतरवता उतरवता जेवढी कानावर पडली तेवढी त्याने मनोभावे उचलली आणि तीच सर्वांशी बोलायला लागला. पहिल्याच दिवशी कोटातल्या खुशालरावांना पाहून तो रस्त्यापलीकडून हात हलवत म्हणाला, "ये न बे बुढा! काहून लाजून राहिला? गरम आहे, खाऊन पाय!"

साऱ्या पेठेने ते ऐकलं. खुशालरावांना प्रत्यक्ष शेठजींनी कधी 'तू' म्हटलं नव्हतं. 'बे' तर सोडाच. ऐताळ वकिलांनाही "काहून रे लेका, काल नाई आला?" असंच विचारतो आणि वकील हसत हसत आणखी एक डोसा मागवतात, हे त्यांना दहाजणांनी समजावलं. उपयोग झाला नाही. त्यांनी त्याच दुपारी घरात जाहीर केलं, "त्या दुकानाचा कणही या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. मी त्या पदार्थाकडे पाहणारसुद्धा नाही."

हा शब्द त्यांनी तंतोतंत पाळला. समोर इडलीची ताटली आली की ते मान फिरवत. मान फिरवली की शेजारचं नत्थुजी शिंप्याचं दुकान दिसायचं, म्हणून नत्थुजी त्यांचे सल्लागार झाले. सल्लागार निवडण्याची ही पद्धत बरी नव्हे, हे पुढे कळायचं होतं.

नत्थुजी मशीन चालवत म्हणाले, "तो दक्षिणेचा माल विकते तर तुमी वऱ्हाडचा इका. रोडगे लावा! असे रस्त्यावर, लोकाइच्या डोयासमोर. वास गेला का समदे इकडेच."

कल्पना खुशालरावांच्या मनात भरली. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे; शेतात, आंब्याखाली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायची गोष्ट. ती भर पेठेत करायची, म्हणजे खरी वऱ्हाडाची शान. रविवारी सकाळी त्यांनी स्वतः गोवऱ्या रचल्या. त्या थोड्या ओलसर होत्या. मैनाबाई म्हणाल्या, "धूर व्हईन." खुशालराव म्हणाले, "धूर समोरच्या दिशेस जाईल, अशीच वाऱ्याची योजना आहे." वाऱ्याला ही योजना कुणी कळवली नव्हती. धुराचा लोट उठला, रस्त्याच्या मध्यापर्यंत गेला, तिथे थोडा घुटमळला आणि वळून सरळ नत्थुजींच्या दुकानात शिरला. आत अमरावतीच्या एका नवरदेवाची पांढरीशुभ्र शेरवानी शेवटच्या गुंडीसाठी टांगलेली होती. दुपारी नवरदेवाचा मामा ती न्यायला आला तेव्हा ती राखाडी झाली होती, आणि तिला वांग्याच्या भरताचा वास येत होता.

खुशालरावांनी माफी मागितली. नत्थुजी म्हणाले, "जाऊ द्या, शेजारधर्म आहे." त्यांच्या म्हणण्यावर खुशालरावांचा विश्वास बसला. ज्याला शिंप्याच्या स्वभावाची थोडी माहिती आहे अशा कुणाचाही बसला नसता.

मग एप्रिल महिना आला आणि खुशालरावांच्या बाजूने सूर्य उभा राहिला. ऐताळचं दुकान पत्र्याचं. सकाळच्या इडल्या कशाबशा निभत, पण दुपारच्या डोशांसाठी राखलेलं पीठ त्या पत्र्याखाली फसफसून पातेल्याबाहेर यायचं आणि इतकं आंबायचं की तोंडात धरवत नसे. दुपारची गर्दी पांगली. ऐताळ रिकाम्या बाकांकडे पाहत तवा पुसत बसायचा, आणि खुशालराव कोटाची वरची गुंडी लावून टेबलाशी बसायचे. आता हा माणूस पावसाळ्याच्या आत आपल्या गावी परत जाणार, असं त्यांनी पेठेला सांगून टाकलं. ते खरंही होतं. ऐताळजवळ मोडायला आणखी दागिने नव्हते.

पण आठ-पंधरा दिवसांत डोसे पुन्हा सुधारले. पहिल्यापेक्षा चांगले झाले. आंबटपणा हवा तेवढाच, जाळी सुरेख. दुपारची गर्दी परतली. खुशालरावांची झोप उडाली.

यामागचं कारण खुशालराव सोडून साऱ्या ताजनापेठेला ठाऊक होतं, तेव्हा वाचकांपासूनच ते कशाला लपवायचं? एका सकाळी नळावर जलजाक्षी रडत उभी होती. तिला मराठी येत नव्हती आणि मैनाबाईंना कानडी. पण उतू गेलेलं आंबट पीठ नळाखाली ओतणारी बाई का रडते, हे समजायला स्वयंपाक करणाऱ्या बाईला भाषा लागत नाही. मैनाबाईंनी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून माह्या कोठीत आणून ठेवत जा. आमचा बुढा दिवसभर ताट्याइवर पानीच मारून राहिला. तुह्या पिठालेबी गारवा व्हईन." जलजाक्षीला एक शब्द कळला नाही, पण दुसऱ्या दिवशी ती पातेलं घेऊन मागच्या दारी हजर झाली.

कोठीच्या खिडकीला ताटी नव्हती. मैनाबाईंनी नवऱ्याला सांगितलं, "लोनच्याले ऊन लागते, एक ताटी अजून लावा." लोणच्याला ऊन चांगलंच असतं, हे खुशालरावांना माहीत असण्याचं कारण नव्हतं, ते कोठीत कधी पाऊल टाकत नसत. आपल्या कामाची घरात कदर होते आहे, याचाच त्यांना आनंद झाला. त्यांनी अमरावतीहून सर्वांत दाट ताटी मागवली आणि तिच्यावर इतर ताट्यांपेक्षा दोन तांबे जास्त पाणी मारायला सुरुवात केली. ताटीमागे ऐताळचं पीठ गार झोपलेलं असायचं.

जलजाक्षी रिकाम्या हाताने राहणारी नव्हती. ती रोज थोडं पीठ मैनाबाईंसाठी ठेवायची. मैनाबाई ते वाट्यांमध्ये घालून उकडायच्या आणि तिखट कढीत बुडवून वाढायच्या. त्याला त्यांनी 'उकडवडे' असं नाव दिलं होतं. खुशालराव पहिल्या घासालाच डोळे मिटून थांबले.

"अहाहा! ही खरी आपल्या वऱ्हाडची चव. माझी आजी अगदी असेच करीत असे."

पंगतीतले मास्तर भातात तोंड खुपसून बसले. एका मुनशीला ठसका लागला. खुशालराव त्यांना म्हणाले, "नाहीतर तो समोरचा! आंबलेल्या पिठाच्या गोळ्या विकतो. एकदा हे खाऊन पाहील तर लाजेने मान खाली घालील." आणि त्यांनी आणखी दोन वडे मागून घेतले. पुढे महिनाभर ते रोज मागून घेत होते.

इकडे ऐताळच्या डोशांचं गूढ त्यांना स्वस्थ बसू देईना. ते नत्थुजींकडे गेले. नत्थुजींना सगळं ठाऊक होतं, आणि शेरवानीही त्यांच्या चांगली लक्षात होती. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता सहज म्हटलं, "त्याच्या दुकानात तं थंड जागाच नाई. मंग पीठ ठेवते कुठं? कोन्या घानेरड्या, बिनलायसनच्या जाग्यात ठेवत असन. कमेटीत अर्ज करा, खुशालराव. तुमच्यासारखा अर्ज लिवनारा मानूस अकोल्यात दुसरा हाय काय?"

हा शेवटचा बाण बरोबर बसला. निवृत्तीनंतर खुशालरावांना अर्ज लिहायची संधीच मिळाली नव्हती. त्यांनी एका बैठकीत तो लिहिला. 'सदर इसम आपले कुजकट पीठ कोण्या अज्ञात, अंधाऱ्या व आरोग्यास विघातक स्थळी दडवून ठेवतो, सबब सदर स्थळाचा कसून शोध व्हावा.' 'कसून' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली. मग तो घेऊन ते स्वतः कमेटीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत गेले. संबंधित साहेब लग्नाला गेले होते. दुसऱ्या खेपेस साहेब आले होते, पण शिक्का लग्नाला गेलेल्या दुसऱ्या कुणाच्या कपाटात होता. खुशालराव न कंटाळता जात राहिले. कचेरीत जाताना कोट शोभून दिसायचा, हे एक सुखच होतं.

एका भर दुपारी आरोग्य निरीक्षक देवमन इंगळे सायकलवरून ताजनापेठेत उतरले. तरुण माणूस, नोकरी नवी, आणि प्रत्येक अर्ज पूर्ण वाचायची वाईट सवय. ते सरळ ऐताळच्या दुकानात गेले. खुशालराव ओट्यावर आले. नत्थुजींनी मशीन थांबवलं आणि स्टूल बाहेर आणून ठेवलं. मुनशी आणि मास्तर गोळा झाले.

इंगळेंनी सगळं तपासलं. दुकान स्वच्छ होतं. "दुपारचं पीठ कुठं ठेवता?" त्यांनी विचारलं.

ऐताळ तवा पुसायला लागला. मैनाबाईंच्या घरात भांडण लागू नये म्हणून जलजाक्षीने त्याच्याकडून न सांगण्याचं वचन घेतलं होतं.

"नाई सांगितलं तर मले दुकान बंद करावं लागन," इंगळे म्हणाले. "परवान्याच्या बाहेरच्या जागेत माल ठेवता येत नाई."

"कर बंद," ऐताळ म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

खुशालरावांना राहवलं नाही. ते रस्ता ओलांडून पुढे झाले. "साहेब, असे सोडू नका. कसून शोध घ्या."

इंगळेंनी खाली पाहिलं. डांबरी रस्त्यावर पांढरे थेंब पडले होते, ऐताळच्या दारापासून निघून पलीकडे गेलेले. ते थेंबांच्या मागे निघाले. त्यांच्या पुढे खुशालराव वाट दाखवत निघाले, "या, इकडून या, इथेही एक पडला आहे," असं म्हणत. थेंब रस्ता ओलांडून गेले, नत्थुजींचं दुकान टाळून गेले, एका बोळात वळले आणि एका मागच्या दाराशी संपले. दार खुशालरावांच्या ओळखीचं निघालं. घरातून बाहेर पडताना ते रोज त्याच दाराने बादली घेऊन जात.

"हे माझे घर आहे," ते म्हणाले. "काहीतरी चूक होत आहे."

कोठीत अंधार होता आणि गारवा इतका की इंगळेंनी टोपी काढून कपाळ पुसलं. ताटीखाली ओल्या वाळूत तीन पितळी पातेली बसवलेली होती. त्यांच्याभोवती ओला कपडा गुंडाळला होता. तो गुलाबी होता. निरोपसमारंभातला फेटा खुशालरावांनी ओळखला आणि ते जवळच्या पिंपावर बसले.

मैनाबाई चुलीवरून तशाच उठून आल्या. "म्या ठेवलं," त्या म्हणाल्या. "तुमाले इचारलं असतं तं तुमी नाई म्हनले असते. म्हनून नाई इचारलं. अन् आजीच्या हातची चव म्हनून म्हैनाभर खाऊन राहिले नं, तेबी यातलंच हाय."

बाहेर बोळात कुणीतरी हसलं, बहुधा मुनशी. खुशालरावांनी वर पाहिलं नाही. सबंध महिना त्यांच्यासमोरून गेला: मिटलेले डोळे, मागून घेतलेले वडे, ठसका लागलेला मुनशी, भातात तोंड खुपसलेले मास्तर.

ऐताळ दारात आला. त्याच्यामागे जलजाक्षी पदर तोंडाशी धरून उभी होती. "बुढ्याची काई चूक नाई, साहेब," तो म्हणाला. "त्याले मालूम नाई. बाईचीबी नाई. पीठ माह्यं, चूक माह्यी. दुकान बंद कर, आमी गावाले जातो."

आता खुशालराव नुसते गप्प बसले असते तरी पुरे होतं. पावसाळ्याच्या आत हा माणूस जाईल असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि तो स्वतःच निघाला होता. त्यांनी पातेल्यावरचा फेटा बाजूला करून आत पाहिलं. एवढ्या दिवसांत त्या पदार्थाकडे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पीठ शुभ्र होतं, हलकं फुगलेलं, गार. रोज दुपारी डोकं तापवून ते जे पाणी मारत होते, त्याने हे झालं होतं. घरात आपली कुणाला गरज उरली नाही, असं त्यांना त्या ओट्यावर उभं राहिल्या दिवसापासून वाटत होतं. इथे एका परक्या माणसाचं दुकान त्यांच्या तांब्यावर चाललं होतं, आणि त्यांना कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. त्यांना रडू येईल असं वाटलं, म्हणून ते घाईघाईने बोलले.

"हे पीठ माह्यं हाय."

मैनाबाईंनी चमकून पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याच्या तोंडून इतकं साधं वाक्य ऐकलं नव्हतं.

"तुमचं?" इंगळेंनी खिशातून अर्ज काढला. "यात तं तुमीच लिवलं, का कुजकट हाय. अन् 'कसून'च्या खाली रेघबी मारली."

"न पाहता लिवलं."

"हेडक्लार्क असून?"

खुशालरावांनी पातेल्यावरचा फेटा नीट केला. बोळात नत्थुजी कान देऊन उभे होते. "हो," ते म्हणाले. "हेडक्लार्क असून. अर्ज वापस घेतो मी. पीठ माह्या भोजनालयाचं, जागा माह्या परवान्यातली. हा मानूस माह्याकडून घेऊन जाते."

"बरं. मंग यात काय काय घालता ते सांगा," इंगळे म्हणाले.

खुशालरावांनी मैनाबाईंकडे पाहिलं, मग ऐताळकडे. ऐताळ इंगळेंच्या पाठीमागून बोटांनी बारीक दाण्यासारखं काहीतरी दाखवत होता. ते उडीद होते की मोहरी, हे कळायला मार्ग नव्हता. "तांदूळ," खुशालराव म्हणाले, आणि थांबले. शेवटी ते खरं तेवढंच बोलले. "पानी मी घालतो."

इंगळे हसले. "ते दिसलं मले. पेठेत याच्यापेक्षा थंडी अन् साफ जागा मी पाह्यली नाई. दोघंबी आपापल्या परवान्यावर ही कोठी लिवून घ्या, म्हनजे पुन्हा कोनी अर्ज करनार नाई." त्यांनी अर्ज खुशालरावांच्या हातात परत दिला. मैनाबाईंनी साहेबांना पंगतीला बसवलं आणि त्यांच्या ताटात कढीतले चार उकडवडे वाढले.

गर्दी पांगली तरी ऐताळ तिथेच उभा होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण मालधक्क्यावरच्या हमालांनी त्याला आभाराचा शब्द शिकवला नव्हता. त्याचे ओठ हलले, डोळे भरले, आणि शेवटी त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "बुढा..."

"काय बे?" खुशालराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टेबलाशी बसले होते. रस्त्यापलीकडून तव्यावरचा आवाज थांबला आणि हाक आली, "बुढा! ऊन चढलं! पानी मार!"

नत्थुजी लगेच दुकानाबाहेर आले. "काहून वो खुशालराव, लोकाच्या पिठासाठी एवढ्या उन्हात मराले जाता?"

"लोकाचं नाई," खुशालराव म्हणाले. "घरचं हाय." त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि बंडीवरच बाहेर येऊन बादली उचलली.